आम्ही बफर झोनमधले : एका जनसुनावणीचा अनुभव

खाणीत ज्याची जमीन जाते त्याचं नाव निदान कागदावर तरी येतं. त्याचा सातबारा असतो, मोबदल्याचा दर असतो, दोन एकरांमागे एक नोकरी असा सरकारी कोळसा कंपन्यांचा हिशेब असतो आणि त्या हिशेबावरून वर्षानुवर्षं चालणारी भांडणंही असतात. आमच्या गावाचं तसं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातलं, वर्धा नदीच्या पट्ट्यातलं हे गाव खाणीच्या हद्दीला लागून आहे, पण हद्दीच्या बाहेर. आमची घरं गेली नाहीत, वावरं गेली नाहीत. धूळ आली, ब्लास्टिंगचे हादरे आले, विहिरींचं पाणी खाली गेलं. पर्यावरण अहवालात खाणपट्ट्याला कोअर झोन म्हणतात आणि त्याच्या भोवतालच्या दहा किलोमीटरच्या वर्तुळाला बफर झोन. आम्ही बफरमधले. मोबदला कोअरला, आमच्या वाट्याला येते ती एक जनसुनावणी, आणि तीही खाण नवी असेल किंवा मोठी व्हायची असेल तर.

मी गावात मेडिकल चालवतो. बी.फार्म. करून चंद्रपूरला एका दुकानात काम केलं, मग गावी आलो. वडील कास्तकार, अजूनही कापूस-तूर घेतात. हे सांगतोय कारण पुढे जे काही झालं त्यात दुकानाची बिलं आणि वडिलांचा कापूस दोन्ही येणार आहेत. आणखी एक सांगून टाकतो : खाणीच्या माणसांवर माझं दुकान बरंचसं चालतं. टिप्परचे ड्रायव्हर, माती उपसणाऱ्या ठेकेदाराची पोरं, वर्कशॉपवाले, सगळे माझे गिऱ्हाईक. त्यामुळे खाण बंद करा, असं म्हणायला मी गेलो नव्हतो, आणि गावातही फार कुणी तसं म्हणत नव्हतं.

खाणीचं उत्पादन वाढवायचं होतं, त्याला केंद्राची पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्याआधी लोकांचं म्हणणं ऐकावं लागतं, म्हणून सुनावणीची नोटीस निघाली. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे अशी नोटीस एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात यावी लागते, आणि सुनावणीच्या आधी किमान ३० दिवस लोकांना मिळावे लागतात. आमच्या गावात ते दैनिक येतच नाही. बल्लारपूरला राहणाऱ्या चुलतभावानं फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला, तेव्हा कळलं. याच अधिसूचनेत असंही आहे की अहवालाचा मसुदा आणि त्याचा सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि ग्रामपंचायत इथं लोकांना वाचायला ठेवायचा. ग्रामपंचायतीत गेलो तर ग्रामसेवक म्हणाले, "आलाय जी, कपाटात आहे, कोणी मागितलाच नाही." कपाटाची चावी शिपायाकडे, शिपाई लग्नाला. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं. सारांश मराठीत, पातळसा. मूळ अहवाल इंग्रजीत, उशीएवढा जाड. झेरॉक्स काढायला दिला नाही, पण मोबाईलवर फोटो काढायला कुणी अडवलं नाही. मी आणि शाळेतल्या एका मास्तरांनी दोन संध्याकाळी बसून पानामागून पान फोटो काढले.

सारांश वाचून भागेल असं कुणाला वाटत असेल तर त्यानं तो नाद सोडावा. सारांशात सगळं मर्यादेच्या आत असतं. हवा मर्यादेच्या आत, पाणी मर्यादेच्या आत, आवाज मर्यादेच्या आत, आणि शेवटी हरितपट्टा. खरी गंमत मूळ अहवालातल्या तक्त्यांमध्ये असते. मर्यादा कोणती, मोजलं कुठे, मोजलं कधी, हे तीन प्रश्न घेऊन तक्ते वाचले की अहवाल बोलायला लागतो.

हवेचा तक्ता घ्या. नियमाप्रमाणे पावसाळा सोडून कुठल्याही एका ऋतूचे तीन महिने मोजमाप केलं की चालतं. आमच्या अहवालात ते ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये केलेलं होतं. पावसाळा नुकताच सरलेला, जमिनीत ओल, रस्त्याकडेचं गवत हिरवं. आमची धूळ असते मार्च ते मे. चंद्रपूरचा उन्हाळा ४७ अंशांपर्यंत जातो. टँकरनं रस्त्यावर मारलेलं पाणी टँकर वळण घेऊन परत येईस्तोवर वाळलेलं असतं. त्या महिन्यांचा एकही आकडा अहवालात नव्हता. आमच्या गावचं मोजमाप केंद्र कुठे, तर गावाच्या पलीकडच्या टोकाला, खाणीपासून सगळ्यात दूर, आंब्याच्या झाडांमागच्या एका घराच्या छतावर. कोळशाचा रस्ता ज्या बाजूनं जातो, जिथे जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथे यंत्र बसलंच नव्हतं.

आणि मर्यादेचं तर आणखीच वेगळं निघालं. आपल्याकडे २००९ च्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे हवेतले १० मायक्रॉनपर्यंतचे कण, म्हणजे पीएम १०, चोवीस तासांच्या सरासरीत एका घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या वर जायला नकोत. चंद्रपूर शहराला हेच लागू, मुंबईला हेच, दिल्लीलाही हेच. पण कोळसा खाणींसाठी २००० सालची एक वेगळी अधिसूचना आहे. त्यात वर्धा खोऱ्यातल्या जुन्या खाणींसाठी हीच मर्यादा ३०० आहे, नव्यांसाठी २५०. मात्र धुळीच्या उगमापासून ५०० मीटरच्या आत वस्ती असेल तर तिथे राष्ट्रीय मानक लावायचं, असंही त्याच अधिसूचनेत म्हटलंय. शाळेपासून कोळशाचा रस्ता किती लांब? मास्तरांनी मोबाईलच्या नकाशावर मोजून दाखवलं. पाचशे मीटरचा निम्मा पल्लाही भरत नव्हता. अहवालानं मात्र आमच्या गावाच्या आकड्यासमोर खाणीची मर्यादा लावून 'मर्यादेच्या आत' असा शेरा मारला होता. एकच आकडा, एका पट्टीनं पास आणि दुसऱ्या पट्टीनं नापास. सुनावणीत द्यायला मी जे निवेदन लिहीत होतो, त्यातला हा सगळ्यात पक्का मुद्दा होता.

विहिरींचं प्रकरण कुणाला समजावून सांगावं लागत नाही, बाया रोज बघतात. खुल्या खाणीचा खड्डा विहिरींपेक्षा कितीतरी खोल असतो. त्यात झिरपलेलं पाणी पंप लावून रात्रंदिवस बाहेर काढावं लागतं, नाहीतर खाण बुडेल. म्हणून आजूबाजूच्या भूजलाचा उतार खड्ड्याकडे होतो. उपसलेलं पाणी नाल्यात सोडतात. परिणामी आमच्या गावच्या विहिरी फेब्रुवारीतच तळ दाखवतात आणि गावामागचा नाला, जो लहानपणी होळीला कोरडा असायचा, तो आता बारमाही वाहतो. खोल बोअर मारला तर पाणी लागतं, पण इतकं जड की तुरीची डाळ शिजत नाही.

हादऱ्यांबद्दल मला वाचूनच कळलं. ब्लास्टिंगनं जमीन किती हलली हे सेकंदाला किती मिलिमीटर या मापात मोजतात. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकाप्रमाणे, कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या साध्या घरांसाठी कंपनं कमी वारंवारितेची, आठ हर्ट्झच्या खालची असतील तर मर्यादा ५ मिलिमीटर आहे. मी मोजायला कुठून यंत्र आणणार? पण दुपारी ब्लास्टिंगच्या वेळी दुकानातल्या काचेच्या रॅकवरच्या बाटल्या एकमेकींवर वाजतात, एवढं मला माहीत. तडे गेलेल्या भिंती तर प्रत्येक गल्लीत आहेत. यात प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की आमची जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी. पाया उथळ असेल तर खाणीशिवायही भिंत तडकते. म्हणून तड्यांचे फोटो दाखवण्यापेक्षा ब्लास्टिंगच्या वेळी कंपन मोजण्याचं यंत्र गावात लावा आणि नोंदी ग्रामपंचायतीत ठेवा, ही मागणी मी लिहिली. लोकांना ती मिळमिळीत वाटली. "तडे दाखव ना भाऊ, यंत्र कायले पायजे?" त्यांचंही बरोबर होतं. तरी मी यंत्रच लिहिलं.

जमिनीखालच्या भीतीचा मात्र अहवालात उल्लेखच नव्हता. या जिल्ह्यात कोळसा काही काल-परवा सापडला नाही. वरोऱ्याला इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकातच खाण काढली होती. जुन्या भूमिगत खाणी आत पोकळ पडून आहेत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहतं घर बघता बघता जमिनीत गडप झालं. माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. त्यानंतर आमच्याकडे पावसाळ्यात कुठे खड्डा पडला तरी लोक वाकून आत बघतात.

आता आरोग्य. मला वाटलं होतं हा भाग सोपा जाईल, मेडिकलवाल्याला नाही कळणार तर कुणाला? प्रत्यक्षात सगळ्यात अवघड हाच गेला.

माझ्याकडे होलसेलरची बिलं आहेत. त्यावरून दिसतं की लहान मुलांचं श्वासनलिका मोकळी करणारं सिरप पूर्वी पावसाळ्यात आणि थंडीत जायचं, आता उन्हाळ्यातही तेवढंच जातं. इनहेलरच्या कॅप्सूल आधी मी ठेवतही नव्हतो, आता संपू देत नाही. डोळ्यात घालायचे ड्रॉप्स, खाजेची मलमं, ॲलर्जीच्या गोळ्या, सगळ्यांची तीच कथा. पण बिल म्हणजे पुरावा होत नाही. गावाची लोकसंख्या वाढली, बाहेरचे मजूर आले, लोक आता घरगुती काढ्याऐवजी दुकानात येतात, हेही तितकंच खरं. शिवाय आमच्या भागात खर्रा आणि बिडी यांच्याशिवाय पान हलत नाही, अर्ध्या घरांत गॅस असूनही भाकरी चुलीवरच होते, आणि वारा फिरला की औष्णिक केंद्राचा धूरही येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचं मूल्यमापन केलं तेव्हा चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले होते, देशात चौथा नंबर. या परीक्षेत गुण जास्त म्हणजे प्रदूषण जास्त. इतक्या सगळ्या धुरात खाणीचा वाटा किती, हे एक मेडिकलवाला कसं सांगणार? कंपनीचे डॉक्टर उभे राहून पहिलं वाक्य हेच म्हणणार की लोक बिडी ओढतात.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी वाट दाखवली. त्या म्हणाल्या, "मोठ्यांचं सोडा. पाच वर्षांखालच्या मुलांची श्वसनाच्या तक्रारींची संख्या मागा, महिन्यावार. पोरं बिडी ओढत नाहीत." नावं नकोत, फक्त आकडे. मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. उत्तराला कायद्यानं ३० दिवस, आणि सुनावणीलाही जवळपास तेवढेच उरलेले. उत्तर सुनावणीच्या आदल्या आठवड्यात आलं. उन्हाळ्यातल्या महिन्यांत आकडा खाली यायला हवा होता, तो येत नव्हता. एवढंच मी लिहिलं. 'खाणीमुळे दमा झाला' असं कुठेही लिहिलं नाही. त्याऐवजी विचारलं की अहवालात दहा किलोमीटरमधल्या लोकांच्या फुप्फुसांची तपासणी, निदान शाळेतल्या मुलांची, का नाही?

सोबत सिलिकाचा प्रश्न जोडला. आमच्याकडे कोळशाच्या वर कामठीचा वालुकाश्म आहे. कोळशापर्यंत पोचायला तो आधी ड्रिल करून, फोडून, उपसून बाजूला टाकावा लागतो. नदीकाठी जे मातीचे डोंगर उभे आहेत ते त्याचेच. वाळूच्या दगडाच्या बारीक धुळीत स्फटिकरूप सिलिका असते. ती फुप्फुसात गेली की तिथे कायमचे व्रण होतात, औषधानं बरे न होणारे, आणि अशा फुप्फुसाला क्षयरोग लवकर धरतो. टीबीचा कोर्स पूर्ण केलेला, थुंकीची तपासणी स्वच्छ आलेली, तरीही जिना चढताना थांबणारा माणूस माझ्या दुकानात येतो. तो ड्रिलवर काम करायचा. ठेकेदाराकडे होता, त्यामुळे कंपनीच्या दवाखान्याच्या नोंदीत तो कधी नव्हताच. गोळा केलेल्या धुळीत सिलिका किती, हे तपासलं का, असा एका ओळीचा प्रश्न मी लिहिला.

कापसाचं थोडक्यात सांगतो, कारण ते आता वर्तमानपत्रांतूनही येतं. रस्त्याकडेच्या वावरात बोंड फुटलं की त्यावर काळी पूड बसते. व्यापारी हातात घेतो, बोटं बघतो आणि भाव पाडतो. वडिलांनी त्या वर्षीच्या दोन पट्ट्या, म्हणजे व्यापाऱ्याच्या खरेदीच्या पावत्या, काढून दिल्या, एक रस्त्याकडच्या वावराची आणि एक आतल्या वावराची. एकाच आठवड्यातल्या, एकाच व्यापाऱ्याच्या. निवेदनाला त्या जोडल्या.

सुनावणीच्या आधी समाजमंदिरात बैठक झाली. तिथेच गाव तीन ठिकाणी फाटलं. ज्यांची पोरं ठेकेदाराकडे आहेत ते गप्प. ज्यांचे ट्रक आहेत ते म्हणाले, कोळसा ट्रकऐवजी कन्व्हेयर बेल्टनं नेण्याची मागणी कराल तर आमच्या पोटावर पाय येईल. बेकार पोरांचं म्हणणं एकच, आधी नोकरी बोला, मग धूळ. एक म्हातारे काका म्हणाले, "काऊन जी, या कागदानं काय होते? खाण तं होऊनच राह्यली." यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. मास्तरांकडे होतं. त्यांनी सांगितलं की सुनावणीत कुठलाच निर्णय होत नसतो. तिथे बसलेल्या अधिकाऱ्याला मंजुरी द्या किंवा देऊ नका अशी शिफारस करण्याचाही अधिकार नाही. तिथे फक्त नोंद होते. ती नोंद दिल्लीला तज्ज्ञ समितीपुढे जाते, आणि नोंदवलेल्या प्रत्येक मुद्द्यावर कंपनीला उत्तर द्यावं लागतं. म्हणून भाषण करू नका, ज्याला उत्तर द्यावंच लागेल असा प्रश्न विचारा. पूर्ण प्रक्रियेतली सगळ्यात कामाची गोष्ट मला त्या बैठकीत कळली.

सुनावणीचा मांडव खाणीजवळच्या मैदानावर. दाराशी पोलिसांची गाडी, बॅरिकेड, नाव लिहून घेणारं टेबल, पाण्याच्या बाटल्या, नाश्त्याची पाकिटं. पुढच्या रांगा आधीच भरलेल्या. बसमधून आणलेली माणसं होती, एकसारख्या टोप्या घातलेली. मंचावर अप्पर जिल्हाधिकारी अध्यक्ष, शेजारी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी. अध्यक्षांचा दर्जा अप्पर जिल्हादंडाधिकाऱ्याच्या खाली चालत नाही, असा नियम आहे. व्हिडिओ कॅमेरा सुरू. कोरमची अट नसते. पाच माणसं आली तरी सुनावणी होते, म्हणून बहिष्कार टाकून काही साधत नाही. शेजारच्या एका गावानं टाकला होता. त्यांचं म्हणणं कुठेच लिहिलं गेलं नाही.

आधी कंपनीचं सादरीकरण. पडद्यावर हिरवीगार चित्रं, उन्हामुळे अर्धी दिसतच नव्हती. मग नेते. प्रत्येकानं स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या मागितल्या, प्रत्येकाला टाळ्या पडल्या, प्रत्येकजण बोलून झाल्यावर गाडीत बसून गेला. दुपार चढली. एका पोरानं ओरडून विचारलं, "आमच्या गावचा नंबर कधी?" तेव्हा आमची नावं पुकारायला सुरुवात झाली.

मी निवेदनाच्या तीन प्रती नेल्या होत्या. बोलायच्या आधी एक मंडळाच्या टेबलावर देऊन दुसरीवर शिक्का आणि तारीख घेतली. मग माईक. पाचशे मीटरचा मुद्दा मांडला, तक्त्याचा पान क्रमांक सांगितला आणि विचारलं की आमच्या शाळेला कोणती मर्यादा लागू, १०० की ३००? कंपनीचे सल्लागार उठले, "नियमानुसार सर्व मानकांचं पालन केलं जातं" म्हणाले आणि बसले. मी म्हटलं, साहेब, १०० की ३००, आकडा सांगा. अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं. सल्लागारांनी कागद चाळले. शेवटी "याचं लेखी उत्तर अंतिम अहवालात देऊ" असं ते म्हणाले आणि अध्यक्षांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. मला तेवढंच हवं होतं.

पण त्या दिवशी मांडव जिंकला तो आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी. त्यांच्या हातात कागद नव्हता. पदर खोचून माईकसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सायेब, माह्या विहिरीतलं पाणी तुमच्या खड्ड्यात गेलं. खड्ड्यातलं तुमी नाल्यात सोडता. थे साफ करून आमच्या टाकीत काऊन नाही सोडत?" दोन क्षण कुणी काहीच बोललं नाही, मग मागून टाळ्या आल्या, टोपीवाल्यांकडूनही. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं की पाण्याची गुणवत्ता तपासून विचार करता येईल. मावशी म्हणाल्या, "विचार नको, लिहा." अध्यक्ष हसले, पण लिहिलं गेलं. माझ्या सात पानांपेक्षा त्यांचं ते एक वाक्य पुढे जास्त लांब गेलं.

सगळ्यांचं बोलून झालं तेव्हा मांडवात आम्ही मोजके उरलो होतो. इथे एक गोष्ट कुणीही सोडू नये. कामकाजाचं इतिवृत्त त्याच दिवशी, तिथेच, स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं आणि त्यावर अध्यक्षांची सही त्याच दिवशी व्हायची असते. लोक दमून घरी गेले की हे वाचन उरकलं जातं. आम्ही थांबलो. वाचलं तेव्हा आमच्या गावाखाली 'धूळ नियंत्रणाची मागणी' एवढंच आलं. आम्ही हात वर केला. शाळेचं अंतर, मर्यादेचा प्रश्न, सिलिका, मुलांची तपासणी, मोजमापाचा ऋतू, एकेक करून घालायला लावलं. लिहिणारा कारकून वैतागला होता, त्याला सकाळपासून जेवायलाही मिळालं नव्हतं. मास्तरांनी त्याला आमच्या डब्यातली भाजी-पोळी दिली. त्यानंतर अक्षर सुधारलं.

हे इतिवृत्त आठ दिवसांत वर पाठवायचं असतं. ते गेलं आणि मग बराच काळ काहीच झालं नाही. तज्ज्ञ समितीच्या बैठकीची कार्यसूची केंद्राच्या परिवेश पोर्टलवर येते. मास्तरांची मुलगी पुण्याला शिकते, ती दर पंधरवड्याला बघायची. एक दिवस तिचा मेसेज आला की आपली फाईल लागलीय. समितीच्या इतिवृत्तासोबत कंपनीच्या उत्तरांचा तक्ता होता. पहिल्या रकान्यात आमचे मुद्दे, दुसऱ्यात उत्तरं. बहुतेक उत्तरं पाणी फवारणी, ताडपत्री, हरितपट्टा. मर्यादेच्या प्रश्नापुढे मात्र लिहिलं होतं की वस्तीजवळच्या केंद्रांसाठी राष्ट्रीय मानक लावण्यात येईल. सिलिकेपुढे, नमुने तपासले जातील. बेल्टच्या मागणीपुढे, टप्प्याटप्प्यानं.

मंजुरी मिळाली. ती मिळणारच होती. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे जायला ३० दिवसांची मुदत असते, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस, आणि आपल्यासाठी त्याचं पीठ पुण्यात आहे. गावात त्यावर चर्चा झाली. वकील, पुण्याच्या वाऱ्या आणि वर्षानुवर्षांची तारीख यांचा हिशेब करून लोकांनी नको म्हटलं. मीही नकोच म्हटलं. कारण मंजुरीच्या पत्रातल्या अटींत दोन आमच्या होत्या : खाणीचं पाणी शुद्ध करून लगतच्या गावांना द्यावं, आणि लगतच्या गावांमध्ये आरोग्य तपासणी करून नोंदी ठेवाव्यात. पहिली अट मावशींची. अटी पत्रात असल्या की लढाईची जागा बदलते. कंपनीला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यावा लागतो, आणि तो लोकांना बघता येतो.

पहिल्या अहवालात पाण्याच्या अटीपुढे 'काम प्रगतीपथावर' होतं. दुसऱ्यातही तेच, अगदी तीच वाक्यरचना. तोवर गावात वीटही आली नव्हती. आम्ही दोन्ही पानं शेजारी-शेजारी झेरॉक्स केली, रिकाम्या जागेचा तारखेसह फोटो जोडला, ग्रामसभेचा ठराव घेतला आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाला रजिस्टर पोस्टानं पाठवलं. त्यानंतर पाहणीला माणसं आली आणि शाळेमागे टाकीचा पाया खोदला गेला. आरोग्य तपासणीचं शिबिरही झालं, एकदा. त्यात रक्तदाब आणि साखर तपासली. फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजायचं यंत्र आणलं होतं, पण चालवणारा तंत्रज्ञ आला नव्हता.

त्यावर आता जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे अर्ज केलाय. खाणींच्या रॉयल्टीबरोबर वसूल होणारा हा निधी २०१५ पासून खाणबाधित भागांसाठीच आहे आणि त्यातला मोठा वाटा पिण्याचं पाणी, आरोग्य, पर्यावरण यांवर खर्च करायचा असतो. मागितलं फार नाही. आरोग्य केंद्राला फुप्फुसतपासणीचं यंत्र, ते चालवणारा माणूस आणि शाळेच्या छतावर हवा मोजण्याचं केंद्र. छताची परवानगी शाळा व्यवस्थापन समितीनं आधीच लिहून दिली आहे. अर्ज तालुक्यावरून जिल्ह्याला गेला, एवढं कळलंय. डिसेंबरचा पूर्तता अहवाल आला की टाकीसमोर काय लिहिलंय ते बघायचं. पाया खोदल्याला दोन महिने झाले, वर अजून काही चढलेलं नाही.